नातेवाइकांनी खाली थांबावे

माझ्याकडे येणारं माणूस माझ्यापर्यंत पोहोचण्याआधी त्यांच्या हातून सुटून येत असे. त्याला इलाज नव्हता. माझ्या खोलीचा जिना त्यांच्या ओट्यावरून वर चढायचा आणि ओट्यावर ते बसलेले असायचे. इस्त्रीचा शर्ट, त्याची वरची बटणं उघडी, खिशात निवृत्तीनंतरही न सोडलेली शिट्टी, आणि रस्त्याकडे तोंड करून मांडलेली लोखंडी खुर्ची. आलेल्या माणसानं चपला काढायच्या आत पहिला प्रश्न येई, "कुठं जायचंय?"

त्या जिन्यानं जाण्यासारखं फक्त माझंच ठिकाण होतं. तरीही हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला पायरीवर पाय ठेवू दिला नाही.

ते आमचे घरमालक. बारामतीच्या स्टँडवर आयुष्यभर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठं लागणार, कधी सुटणार, आणि आज का सुटणार नाही, हे प्रवाशांना सांगण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीबरोबर गाड्या गेल्या, माईक गेला. सांगण्याची सवय राहिली. सगळं गाव त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणे. त्यांची बायकोही त्यांना साहेबच म्हणे. अशा माणसाच्या डोक्यावर मी नव्वदच्या दशकात मानसोपचाराचं काम सुरू केलं, हा माझा अडाणीपणा.

नवऱ्याला एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून बारामतीला आले होते. मानसशास्त्र शिकले होते, पुण्यात एका ज्येष्ठ बाईंच्या हाताखाली काम केलं होतं, आणि आपण आता खेडोपाडी मनं मोकळी करणार अशी माझी पक्की समजूत होती. त्यासाठी आधी खोली मोकळी मिळायला हवी, हे तिथं गेल्यावर कळलं. कसला दवाखाना, असं विचारल्यावर मी सांगे, आणि मग त्या घरात अचानक पाहुणे राहायला येणार असल्याचं निघे. ह्या गृहस्थांनी मात्र मला बसवून घेतलं, चहा मागवला आणि चौकशी केली. पेशंट चावतात का? मी नाही म्हणाले. आरडाओरडा? सहसा नाही, कधी कधी रडतात. त्यावर त्यांनी जरा विचार केला.

"रडू द्या," ते म्हणाले. "रडण्यानं भिंतीला काय हुईत न्हाय."

खोली मिळाली. मी पाटी करायला टाकली: माझं नाव, शिक्षण, त्याखाली 'मानसोपचार व समुपदेशन', आणि वेळ. पाटी लागली त्या दिवशी मी वर येताना पाहिलं तर खाली आणखी एक ओळ होती, तांबड्या रंगात, माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. 'येथे शॉक दिला जात नाही.' त्यांनी पेंटरला परस्पर गाठून ती लिहून घेतली होती. मी रागावले. ते शांतपणे म्हणाले की प्रवाशांच्या माहितीसाठी जे नाही ते आधी लिहिलेलं बरं असतं. त्या ओळीचा परिणाम असा झाला की आयुष्यात शॉकचा विचारही ज्यांच्या मनात आला नव्हता अशी माणसं ओट्यावर थांबून विचारू लागली, "मग शॉक कुठं देतात?" आणि कंट्रोलरसाहेब त्यांना पुण्याला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा सांगू लागले.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी काही गोष्टी सांगाव्या लागतात. आमच्या बाईंनी मला ते घोटून घोटून शिकवलं होतं. माणूस घाबरलेला असतो, त्याला आत काय होणार हे ठाऊक नसतं, म्हणून आधी सगळं उघड सांगायचं. मी डॉक्टर नाही, औषध देत नाही, गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवीन. इथं तुम्ही बोलायचं, मी ऐकणार, मधे प्रश्न विचारणार. लग्न करा, मोडा, नोकरी सोडा, असा सल्ला मी देणार नाही. सुरुवातीला काही दिवस जास्त जड वाटण्याची शक्यता आहे, त्याला घाबरू नका. तुम्हाला पटलं नाही तर थांबवण्याचा हक्क तुमचा आहे. इथलं बोलणं इथंच राहील. फक्त कोणाच्या जिवाला धोका दिसला तर मला घरच्यांना सांगावं लागेल, आणि तेही आधी तुम्हाला सांगून. शेवटची गोष्ट, बोलायला एकट्यानं यायचं. बरोबर आलेल्या नातेवाइकांनी खाली थांबावं.

हे सगळ्यांना मी जवळजवळ त्याच शब्दांत सांगे. माझ्या खोलीची खिडकी बरोबर ओट्यावर उघडायची. उन्हाळ्याचे दिवस होते. महिनाभरात कंट्रोलरसाहेबांचं हे भाषण पाठ झालं. पुढचं त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी खिडकी लावून कूलर घेतला, आणि त्याच्या घरघरीत पुढचं सगळं सुरक्षित झालं. पण सुरुवात त्यांच्या हाती लागायची ती लागली होती. माझं भाषण आता खाली, मी भेटण्याआधीच, त्यांच्या भाषेत दिलं जाऊ लागलं.

"हितं सुई न्हाय, गोळी न्हाय," ते समोरच्याला सांगत. "म्याडम डाक्टर न्हाईत, पर शिकल्याल्या हाईत. बोलायचं तुमी. त्या मधीच गप बसतील. तवा घाबरायचं न्हाय. गाडी बंद पडलेली न्हाय, फाटकाला उभी हाय."

इथपर्यंत मी एखाद्या वेळी हसूनही सोडून दिलं असतं. पण सुरुवातीला थोडं जड वाटण्याची शक्यता, याचं त्यांनी 'आधी बिघडणार, मग सुधरणार' असं करून टाकलं होतं. सोमेश्वरनगरहून झोप न येणारे एक गृहस्थ आले होते. ते हे ऐकून ओट्यावरूनच परत फिरले. आहे ते बिघडलेलं आपल्याला पुरे आहे, असं म्हणाले म्हणे. मी सल्ला देत नाही, ह्या वाक्याचं तर त्यांनी सोनंच केलं. ते सांगत, "वर सल्ला मिळत न्हाय. सल्ला पायजे असला तर हितं खाली मिळतो." आणि देत. भांडणाऱ्या नवरा-बायकोला वेगळं राहायला सांगत, वेगळं राहणाऱ्यांना एकत्र. अभ्यास न करणाऱ्या पोरांच्या बापांना ते पोरगं ड्रायव्हर करायचा सल्ला देत. कित्येकांना त्यांनी तुम्हाला काही झालेलं नाही असं सांगून खालच्या खालीच बरं केलं, आणि हे मला महिने-महिने कळलं नाही. माझ्याकडे माणसं कमी का येतात ह्यावर मी ग्रामीण समाजातली मानसिक आजाराबद्दलची लाज वगैरे कारणं शोधत होते. कारण जिन्याखाली खुर्ची टाकून बसलं होतं.

एकदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. एक कॉलेजातली मुलगी नव्यानं आली होती. मी नेहमीचं सांगितलं. जिवाच्या धोक्याचं वाक्य आलं तशी ती म्हणाली, "ते खालच्या काकांनी सांगितलंय. तेवढं बोलायचं न्हाय म्हणून."

मी तिला बसवलं आणि तडक खाली गेले. त्यांनी काय सांगितलं ते त्यांनी अजिबात लपवलं नाही. म्याडम कुणाला काही सांगत नाहीत, पण जीव द्यायचं म्हणालात तर सांगतात, तेव्हा तेवढं सोडून बोला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांच्या मते ही सोय होती. पुढं घाट बंद आहे हे प्रवाशाला आधी सांगितलं पाहिजे की नको? मी आवाज चढवला नाही. ते वाक्य ज्याच्यासाठी आहे त्याच माणसाला तुम्ही गप्प करता, एखादा ते गिळून घरी जाईल आणि परत येणार नाही, असं मी म्हणाले. ते वाक्य कंट्रोलरसाहेबांनी त्या दिवसापासून खरोखर सोडलं. बाकीचं भाषण चालू राहिलं.

आणि त्याला श्रोते मी पुरवत होते. नातेवाइकांनी खाली थांबावं हा माझाच नियम. खाली म्हणजे कुठं? ओट्यावर. सून वर यायची, सासू ओट्यावर बसायची. मुलगा वर, बाप ओट्यावर. वर मी दार लावून, खिडकी लावून, कूलर लावून एका माणसाचं गुपित जपत बसलेली, आणि खाली तेच गुपित चहाबरोबर वाढलं जात होतं. त्यात सासू आपल्या बाजूचं तिखट-मीठ घाली. एखाद्या घरात काय झालं हे मला चौथ्या-पाचव्या भेटीत उमगे. कंट्रोलरसाहेबांना ते पहिल्याच चहात कळलेलं असे, अर्थात चुकीचं.

चहा काकू करत. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणे. काकू म्हणजे दारातून ट्रे घेऊन येणारा हात, इतकीच त्यांची बाहेरच्यांना ओळख होती. त्या मुक्या नव्हत्या. त्यांना बोलायची पाळी येत नसे. काकू, कशा आहात, असं मी विचारलं की साहेब सांगत, "बरी हाय. गुडगा धरलाय जरा." काकू, भाजी काय केली, तर साहेब म्हणत, वांगी. गावातल्या एका डॉक्टरांनी मला हसत हसत सांगितलेली गोष्ट मी कधी विसरणार नाही. काकूंना छातीत दाटल्यासारखं व्हायचं, श्वास अडकायचा. त्यांना दाखवायला साहेब घेऊन गेले. डॉक्टरांनी काकूंना विचारलं, नेमकं कुठं दुखतं? काकूंनी हात उचलला, पण त्याच्या आत साहेबांनी आपल्या स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दाखवलं होतं, "हितं." डॉक्टर म्हणाले, मी क्षणभर त्यांनाच तपासायला निघालो होतो.

तो श्वास वाढत गेला. भाकरी थापताना मधेच काकू परातीवर हात टेकून थांबायच्या, तोंड उघडं टाकून हवा ओढायच्या, आणि घाम फुटायचा. पुण्याला नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय चांगलं, फुप्फुसं चांगली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे मनाचं आहे, मानसोपचाराचं काही तुमच्याकडे मिळतं का बघा. कंट्रोलरसाहेब त्यांना म्हणाले, आमच्याच घरात मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काकूंना घेऊन जिना चढून वर आले. काकू जरीकाठाचं लुगडं नेसल्या होत्या. साहेब माझ्या समोरच्या खुर्चीत बसले, काकूंना भिंतीकडच्या स्टुलावर बसवलं, आणि सांगायला सुरुवात केली, "तर हिला काय हुतं..."

मी म्हणाले, "साहेब, नातेवाइकांनी खाली थांबायचं असतं."

"मी नातेवाईक न्हाय," ते म्हणाले. "मी मालक हाय."

आमच्याकडे नवऱ्यालाही मालक म्हणतात. त्यांना कुठला अर्थ अभिप्रेत होता हे मी विचारलं नाही. दोन्ही मालकांनी खाली जावं, असं मी सांगितलं. काकूंनी मान खाली घातली होती, आणि त्यांचे खांदे हलले. मला आधी वाटलं, रडतायत.

ते उतरले. दार लावायच्या आधी, चौकटीतच, मी काकूंना स्पष्ट सांगितलं की मी तुमच्याच घरात काम करते, भाडं देते, रोज चहा पिते, अशा माणसानं तुमची भेट घेणं आमच्या धंद्यात बरोबर मानत नाहीत, तुम्ही पुण्यातल्या आमच्या बाईंकडे गेलात तर बरं. काकू म्हणाल्या, "पुण्याला जायचं तर ते संगं येणार की." मी बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, दुसरी सोय नसेल तर घे, पण डोळे उघडे ठेव.

त्या दारामागं पुढं जे बोलणं झालं ते मी इथं लिहिणार नाही. काकूंनी मला एकदा सांगितलं होतं, खालचं काय सांगायचं ते सांगा, वरचं नको. तेव्हा तुम्हीही आता ओट्यावरच बसा.

ओट्यावर कंट्रोलरसाहेबांचे फार हाल झाले. आठवड्यातून एक दिवस ते नातेवाईक होऊन बसत. पहिल्या दिवशी त्यांनी तोंडावर काही दाखवलं नाही, घड्याळ मात्र कितीदा पाहिलं असेल. दुसऱ्या वेळी त्यांना वरची पाण्याची टाकी तपासायची आठवण झाली. तिसऱ्या वेळी माझ्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येतो अशी खालच्या खाली तक्रार निर्माण झाली आणि ते स्टूल घेऊन दारात आले. मी दार पुरतं उघडलं नाही. पुढच्या खेपेला आमच्या मजल्यावरची लाइट गेली. कूलर थांबला. खोलीत एकदम शांतता पसरली. समोरच्या सायकलच्या दुकानात रेडिओ चालू होता, पलीकडच्या गिरणीचा पट्टा फिरत होता, साऱ्या गल्लीत वीज होती. कंट्रोलरसाहेबांनी फ्यूज काढून हातात ठेवला होता, असं सायकलवाल्यानं मला नंतर सांगितलं. त्या कडक उन्हात आम्ही दोघी खिडकी न उघडता घामानं निथळत बसलो, पण एक शब्द खाली गेला नाही.

मग ते मला गाठू लागले. सरळ विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कधी घरमालक म्हणून विचारत, वापर कसा चाललाय खोलीचा, सगळे नियमित येतात ना. कधी वडीलधारे होऊन, माझ्या शिक्षणाचं कौतुक करून विचारत. कधी एखाद्या परक्याच्या वतीनं. समजा एखादी बाई असेल, समजा तिला श्वास लागत असेल, आणि समजा तिचा नवरा चांगला, व्यसन नसलेला, पेन्शनीतला असेल, तर अशा बाईला साधारण काय म्हणायचं असेल? मी म्हणे, ते त्या बाईलाच विचारलेलं बरं. ह्यावर त्यांचा चेहरा असा होई, की जणू मी त्यांना रांगेत उभं राहून तिकीट काढायला सांगितलंय.

बायकोला त्यांनी विचारलंच नाही असं नाही, पण तेही चौकशीखिडकीवरच्या आवाजात. वर काय झालं आज, अहवाल दे. काकू ट्रे उचलत म्हणाल्या, "आतलं बाहेर सांगायचं न्हाय. तुमीच सांगता न्हवं लोकान्ला."

गंमत सगळ्यांना वाटू लागली होती. इतके दिवस ज्यांना त्यांनी धीर दिला होता ते बरोबरचे नातेवाईक आता त्यांना धीर देत. कळसहून एक म्हातारी आपल्या लेकीबरोबर यायची. धनगराघरची, तोंडाची सडेतोड. तिनं एकदा साहेबांना घड्याळाकडे बघताना पाहून सांगितलं, "सायब, आदी बिगाडतंय, मग सुदारतंय. दम धरा."

तसं बिघडलंच. काकू चहा ट्रेमधून आणायच्या बंद झाल्या. ज्याला हवा त्यानं आत येऊन घ्यावा, असं झालं. एकदा मी नेहमीसारखं कशा आहात विचारलं. साहेबांनी बरी हाय म्हणायला तोंड उघडलं, तर काकू त्यांच्या आधी म्हणाल्या, "आज लई बरं न्हाय." आणि गुडघा कुठं, कसा, किती दुखतो ते त्यांनी सविस्तर सांगितलं. साहेब आपलं तोंड तसंच ठेवून ऐकत होते. पुढच्या आठवड्यात वांगी काकूंना मुळीच आवडत नसल्याचं निघालं. लग्न झाल्यापासून आवडत नव्हती म्हणे. तो दिवस कंट्रोलरसाहेबांनी कोणालाच काही न सांगता काढला.

मग त्यांनी मला खोली खाली करायला सांगितलं. पुतण्याला राहायला हवी आहे असं कारण दिलं. पुतण्याचं स्वतःचं घर गावातच होतं, हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. मी भांडले नाही. भाडेकरूनं भांडून काय होतं? पण रात्री झोप लागली नाही. खोली दुसरी मिळाली असती. काकूंना त्या नव्या खोलीपर्यंत येऊ दिलं असतं का? तेवढ्यासाठीच तर हे चाललं होतं. मी नव्या जागेच्या शोधात फिरू लागले आणि पुन्हा लोकांच्या घरी पाहुणे येऊ लागले.

पुढच्या आठवड्यात ओट्यावर चार-पाच जण बसले होते. दुधाच्या कारखान्यातली पाळी सुटून आलेले दोघे मोटारसायकल लावत होते. मी खाली उतरत होते, आणि साहेब सगळ्यांना माहिती देत होते की म्याडमचा दवाखाना पुढच्या महिन्यापासून इथून हलणार आहे, नव्या जागेचा पत्ता यथावकाश कळवण्यात येईल. काकू दारात आल्या. हात पदराला पुसले.

"ताई कुठं जायाच्या न्हाईत," त्या म्हणाल्या.

साहेब मागं वळले. त्यांनी आधी बायकोच्या तोंडाकडे न बघता छातीकडे पाहिलं. आता श्वास अडकणार, ती खाली बसणार, आणि पाणी आणा म्हणून आपण ओरडणार, अशी त्यांची तयारी झालेली दिसली. काकूंचा श्वास अडकला नाही.

"ही जागा माज्या बापानं माज्या नावावर क्येलीया," काकू म्हणाल्या. "कळसचं रान इकून घितली. तुमी तवा डेपोत हुता. भाडं तुमी घेता, मी कदी काय म्हनले न्हाय. पर ताईस्नी काडायचं का ठिवायचं, ते मी ठरवनार."

हे सगळं त्या एका दमात बोलल्या आणि मोटारसायकलवाल्या दोघांना म्हणाल्या, येकेक करून वर जा, म्याडम हाईत. म्याडम तर जिन्यात उभ्या होत्या. मी मुकाट्यानं परत वर गेले.

त्यानंतर मी भाडं काकूंकडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी पहिल्याच महिन्यात पेंटरला बोलावून पाटीवरची तांबडी ओळ पुसून घेतली. कंट्रोलरसाहेब काही दिवस ओट्यावर बसले नाहीत. मागच्या अंगणात खुर्ची नेली. तिथं सांगायला एक पेरूचं झाड आणि दोन शेळ्या होत्या. येणारी माणसं ओट्यावर येऊन गोंधळायची, इकडंतिकडं बघायची, आपल्याला कोणी काहीच विचारत नाही म्हणून मग भीत भीत जिना चढायची. मला माझं भाषण पुन्हा पहिल्यापासून, नव्या माणसाला नव्यानं, द्यायला मिळू लागलं. ते ऐकताना लोक माझ्याकडे बघत. पूर्वी ते खालचं भाषण ऐकून आलेले, माझ्या चुका शोधत असावेत.

काकूंच्या भेटी पाचेक महिने चालल्या. श्वास अगदी गेला असं मी म्हणणार नाही, पण परातीवर हात टेकायची वेळ क्वचित येऊ लागली. शेवटच्या भेटीनंतर त्या इंदापूरला बहिणीकडे एकट्या गेल्या. कुठल्या गाडीनं, हे त्यांनी साहेबांना विचारलं नाही. स्टँडवर जाऊन समोर लागलेल्या गाडीत चढल्या. तिकडं त्या चांगल्या रमल्या. इकडं साहेब स्वतः चहा करायला शिकले. तो मी एकदा प्यायले आहे.

काकू परत आल्या त्यानंतरची ही गोष्ट. संध्याकाळी मी कुलूप लावून उतरले तर ओट्यावर ती दोघंच होती. काकू सुपात मेथी निवडत होत्या. साहेब खुर्चीत होते. खुर्ची पुन्हा पुढं आली होती, पण तोंड रस्त्याकडं नव्हतं. मला पाहून ते उठले, आणि फार दिवसांनी माझ्याशी बोलले.

"म्याडम, आता तर तिचं समदं संपलं," ते म्हणाले. "संपल्याव सांगायला काय हरकत न्हाय ना?"

भेटी संपल्या तरी ते बंधन संपत नाही, असं मी त्यांना समजावून सांगू लागले. नव्या माणसांना हे मी सांगत असते, असंही म्हणाले. ते मान हलवत होते, पण वाट बघत होते, की ह्यापुढं तरी काही येईल. त्यांचा शर्ट त्या दिवशी इस्त्रीचा नव्हता आणि बटणं सगळी लावलेली होती. माझी सगळी चेष्टा मनातल्या मनात जिरली. हा माणूस मनापासून काहीतरी विचारतोय आणि मी नियम वाचून दाखवतेय, असं वाटलं. तरी नियम तो नियम.

काकूंनी मेथीची जुडी मांडीवर ठेवली.

"त्यांना कशापायी इच्यारता?" त्या म्हणाल्या. "मी हितं बसलीया न्हवं. मला इच्यारा."

त्या वेळी मी निघून जायला हवं होतं. शिकलेलं तेच सांगत होतं. मी थांबले. कंट्रोलरसाहेब काकूंकडे बघत राहिले. गावातल्या निम्म्या घरांना त्यांनी ह्याच ओट्यावर बसून उलटसुलट प्रश्न विचारले होते. आता त्यांना एक प्रश्न सापडेना. ते खुर्चीत बसले, पुन्हा उठले, रस्त्याकडं पाहून आले. उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडं निघाला होता, तो आवाज लांब जाईपर्यंत ते थांबले. काकू घाई करत नव्हत्या.

"वर," साहेबांनी शेवटी विचारलं, "वर माझं नाव निघायचं का?"

काकूंनी विचार केला. मेथीची एक काडी हातात घेऊन त्यांनी खरोखर आठवून पाहिलं.

"येकदा निगालं," त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या.

साहेब माझ्याकडे वळले. ते काय विचारणार हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही आणि मीही किल्ल्या पर्समध्ये टाकून निघाले. काकूंनी सांगितलं ते खरं होतं की नव्हतं, ते मला माहीत आहे.